सुईताईंची तीन बोटं

परक्या बाईच्या पोटात काय चाललंय ते सुईताईंना तिच्या मनगटावरून कळायचं, आणि सुईताईंच्या पोटात काय दुखतंय ते अख्ख्या दवाखान्याला त्यांच्या तोंडावरून कळायचं. हेवा लपवणं त्यांना जन्मात जमलं नाही. कुणाची गोड बातमी आली की आधी "वा, छान झालं" म्हणायच्या, मग नाकपुड्या फुगायच्या, आणि मग त्या उठून खाटांवरच्या चादरी बदलायला लागायच्या. खाटा चार होत्या. बातमीच्या दिवशी चारही खाटांवर इस्त्रीच्या ताज्या चादरी दिसायच्या, आणि धुलाईवाला त्या दिवशी खूश असायचा.

दवाखाना चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. सुया टोचायच्या आणि चिनी पद्धतीचे काढे द्यायचे, हे तिथलं काम. आणि येणारी बहुतेक माणसं मूल होत नाही म्हणून आलेली. बरीचशी जोडपी मोठ्या हॉस्पिटलातही जायची. तिथली इंजेक्शनं आणि तपासण्या चालूच असायच्या, इथे ती जोडीला यायची. मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे म्हातारे मालक, प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकायचे, "आम्ही मूल देत नाही. झोप देतो, भूक देतो, पाळी जमेल तेवढी रुळावर आणतो आणि तुम्हा दोघांना आठवड्यातून एक तास गप्प पडायला लावतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा." एक अट मात्र पक्की होती. नवऱ्यानेही यायचं. बायकोला दारात सोडून "मी गाडीत बसतो" म्हणणाऱ्यांना सुईताई जिन्यावरून परत आणायच्या. "अहो, मला कशाला सुया? मला काय झालंय?" असं विचारणारा बाप्या शेजारच्या खाटेवर आडवा झाला की दहाव्या मिनिटाला घोरायला लागायचा, आणि पडद्यापलीकडून त्याची बायको म्हणायची, "ऐकलंत ना ताई? हे असं आहे आमचं."

सुईताईही इथे पहिल्यांदा आल्या त्या आडव्या पडायलाच. सत्तावीस वर्षांच्या होत्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, शांत माणूस, गळ्यात टॉर्च अडकवूनच यायचा. तीन वर्षं दोघं शेजारशेजारच्या खाटांवर पडली. झोप सुधारली, भूक सुधारली, पाळी अगदी घड्याळ लावल्यासारखी यायला लागली आणि तशीच येत राहिली. एकदा सुया काढताना मोठ्या डॉक्टरांनी त्यांचा हात उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "नाडी शिकतेस का? बोटं चांगली आहेत तुझी." मूल मागायला आलेली बाई कामाला लागली. त्याला सोळा वर्षं झाली. आता त्या सेहेचाळीसच्या होत्या आणि गेल्या वर्षी पाळीनेही कायमची रजा घेतली होती. नवऱ्याने तो विषय कधीच मिटवला होता. "लिफ्ट काय, सगळ्याच मजल्यांवर थांबत नाही," असं तो एकदा म्हणाला आणि जेवायला बसला. सुईताईंना त्याच्या या शांतपणाचाही हेवा वाटायचा.

पेशंट बायका विचारायच्याच, "ताई, तुम्हाला मुलं किती?" यावर सुईताईंचं उत्तर ठरलेलं होतं, "आधी जीभ दाखवा." त्यांच्या वैद्यकात जीभ बघावीच लागते, आणि जीभ बाहेर काढलेल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात दुसरी बाई आली. सुईताई मोठ्या, म्हणून ही धाकटी. वय एकोणतीस, रीतसर कोर्स केलेली, बोलण्यात गोड, आणि सुई अशी टोचायची की पेशंट विचारायचा, "टोचली का?" इथली रीत तिला सुईताईंनीच शिकवली. खरं म्हणजे ती त्यांना आवडायचीसुद्धा, आणि हाच तर त्रास होता. नावडत्या माणसाचा हेवा करणं सोपं असतं, मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या की भागतं. धाकटी मात्र डबा उघडला की पहिला घास सुईताईंना द्यायची.

भडका उडाला तो बेकरीवाल्या जोडप्यावरून. ते जोडपं अकरा महिने सुईताईंकडे येत होतं. बेकरीवाला दिवसभर भट्टीच्या तोंडाशी उभा असतो आणि ती धग पुरुषाच्या बीजाला मानवत नाही, हे खोदून खोदून विचारून काढलं ते सुईताईंनी. "तीन महिने भावाला भट्टीवर उभं करा आणि तुम्ही दुकानात पुढे बसा," असं त्याला दटावलं तेही त्यांनीच. मग घरी नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. सुईताईंनी दोन आठवडे रजा घेतली आणि त्या दोन आठवड्यांत त्या जोडप्याला सुया धाकटीने टोचल्या. नेमके त्याच महिन्यात बेकरीवालीला दिवस गेले.

यथावकाश बाळ झालं आणि त्याचा फोटो दवाखान्यात आला. असे फोटो आतल्या भिंतीवरच्या फळ्यावर लावायची पद्धत होती. या फोटोखाली बेकरीवालीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'धाकट्या ताईंच्या हाताचा गुण.' सुईताई "वा, छान" म्हणाल्या आणि चादरी ओढून काढायला लागल्या. तळपायाची आग मस्तकात गेली होती. अकरा महिने कुणाचे आणि दोन आठवडे कुणाचे! धाकटी बिचारी मागोमाग आली. "ताई, मी सांगितलं हो तिला, सगळं तुमचंच आहे म्हणून." हे तर आणखीच झोंबलं. सुईताईंच्याच कष्टाचं श्रेय ही बया त्यांना उदार होऊन देऊ करत होती!

आता दवाखान्यातली एक रीत सांगायला हवी. दार उघडण्याआधी दोघींनी एकमेकींची नाडी बघायची, असा मोठ्या डॉक्टरांचा नियम होता. दोन्ही मनगटं, प्रत्येक मनगटावर तीन बोटं, आणि तोंडातून शब्द नाही. मग जे जाणवलं ते नाडीवहीत एका ओळीत लिहायचं. बोटं जागी होतात, ते म्हणायचे. आता त्यांचेच हात थरथरायचे, त्यामुळे ते फक्त शनिवारी काढ्यांच्या बरण्या बघायला यायचे. पण रीत चालू होती. स्वतःची नाडी मात्र स्वतः बघायची नाही, ही सक्त ताकीद. "स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं की मन बोटात उतरतं," ते म्हणायचे. "मग जे हवं असतं तेच लागतं." धाकटी ही ताकीद पाळायची. सुईताईंनी ती वर्षानुवर्षं दर महिन्याला मोडली होती, न्हाणीघराची कडी लावून. म्हणूनच गर्भारपणाची नाडी त्यांच्याइतकी लवकर कुणालाच ओळखता येत नसे. ती बोटाखाली थांबत नाही, गुळगुळीत मण्यांसारखी घरंगळत पुढे जाते. जी स्वतःच्या मनगटावर इतकी वर्षं शोधूनही सापडली नाही, ती दुसरीच्या मनगटावर त्यांना मिनिटभरात सापडायची.

फोटो लागला त्याच्या पुढच्या सोमवारी ती धाकटीच्या मनगटावर सापडली.

सुईताईंनी बोटं उचलली, पुन्हा ठेवली. उजवा हात बघितला, डावा बघितला. शंकाच नव्हती. धाकटी डोळे मिटून निवांत बसली होती, आणि तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिची पाळी पहिल्यापासून मनमौजी, कधी चाळीस दिवसांनी तर कधी पन्नास. पन्नास बायकांच्या तारखा तिला तोंडपाठ, पण स्वतःची तारीख कधी लिहून ठेवली नाही. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि कुणी विचारलं की ती हसून म्हणायची, "इतक्यात नको बाई, होईल तेव्हा होईल."

होईल तेव्हा होईल! सुईताईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. या मुलीने एक काढा प्यायला नव्हता. एकदाही छताकडे बघत तास काढला नव्हता, दर महिन्याला न्हाणीघरात रडून तोंड धुतलं नव्हतं. मागितलं नाही आणि पदरात पडलं. फोटोही तिलाच आणि मूलही तिलाच. सुईताईंनी नाडीवही पुढे ओढली आणि धाकटीच्या नावापुढे लिहिलं, 'नेहमीची.' सोळा वर्षांत त्या वहीत त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं.

"ताई, डोकं ठणकतंय सकाळपासून," धाकटी म्हणाली. "हाताची सुई द्या ना जरा." आणि तिने डावा हात पुढे केला.

हाताची सुई म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यातली. डोकेदुखीवर त्या नेहमी तीच द्यायच्या. पण दिवस गेलेल्या बाईला त्या जागी सुई द्यायची नाही, घोट्याच्या वर चार बोटांवर तर नाहीच नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी दोघींकडून घोकून घेतलं होतं. या सुयांनी मूल पडतं म्हणे. हॉस्पिटलवाले यावर हसतात, असं काही सिद्ध झालेलं नाही म्हणतात. सुईताईंना नेमकं तेच आठवलं. काही होत नाही म्हणतात ना? मग बिघडलं कुठे? आणि मला कळलंय हे कुणाला ठाऊक आहे? त्यांनी सुईचं पाकीट फाडलं. कापसावर स्पिरिट घेऊन ते बेचकं पुसलं. मनात जे आलं ते आलं, उगाच झाकून कशाला ठेवायचं! सुई कातडीपासून दोन बोटांवर होती.

मग त्यांना स्वतःचीच किळस आली. न टोचलेली सुई त्यांनी वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकून दिली. "आज हाताला नको," त्या म्हणाल्या. "कातडी कोरडी पडलीय तुझी. डोक्यावर एक देते."

सांगायला हवं होतं ते तेव्हाच. जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण पहिलं जोडपं जिना चढून आलं आणि राहून गेलं. संध्याकाळपर्यंत सुईताईंच्या लक्षात आलं की न सांगण्यात एक गोडी आहे. या मुलाची खबर जगात त्यांना एकटीला होती. आईला नव्हती, बापाला नव्हती, हॉस्पिटलातल्या कुठल्या मशीनला नव्हती. एकदा सांगितलं की ते सगळ्यांचं होणार: नवऱ्याचं, सासूचं, फोनवर किंचाळणाऱ्या मैत्रिणींचं. सुईताई पुन्हा चादरी बदलायला मोकळ्या. न सांगेपर्यंत मात्र ते त्यांचंच होतं. उद्या सांगू, असं ठरवून त्या झोपल्या.

उद्याचा परवा झाला. रोज सकाळी त्या धाकटीच्या मनगटावर तीन बोटं ठेवायच्या, ते मणी घरंगळताना अनुभवायच्या आणि वहीत लिहायच्या, 'नेहमीची.' पाच मिनिटांची दहा मिनिटं व्हायला लागली. "ताई, झोपलात की काय?" धाकटी विचारायची. त्या तिला जपायलाही लागल्या, आपल्या पद्धतीने, म्हणजे डाफरत. काढ्याच्या पाल्याचं पोतं उचलायला गेली की, "ठेव ते, तुला जमत नाही." पोट शेकायची कांडी पेटवायला गेली की, "सर, धूर करून ठेवतेस नुसता." आणि हाताची सुई मागितली की रोज नवं कारण. आज तुझा हात गार आहे, आज माझी बोटं आखडलीत, आज वेळ नाही.

धाकटीला यातून जो अर्थ लागायचा तोच लागला. ताईंच्या मनातून अजून तो फोटो गेलेला नाही. माझे पेशंट काढून घेतात, मला कशाला हात लावू देत नाहीत, साधी डोकेदुखीची सुई देववत नाही त्यांना. समजूतदार मुलगी, तिने भांडण काढलं नाही. तीन-चार दिवसांनी मागणंच बंद केलं. सुईताईंना वाटलं, डोकेदुखी थांबली असेल.

रविवारची सुट्टी सोडून दहाव्या दिवशी, गुरुवारी, सुईताई जेवायला मागच्या खोलीत आल्या. धाकटी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, उजव्या हातात फोन, आणि डाव्या हाताच्या बेचक्यात सुई.

"हे काय?"

"तुम्ही देत नाही ना," धाकटी हसत म्हणाली, "म्हणून माझी मीच घेते. रोज घरी घेते, आठवडा झाला. पायालाही घेते, घोट्यावर. त्याने झोप छान लागते."

सुईताईंच्या पायाखालची जमीन सरकली. धाकटीलाही हात आहेत आणि तिच्या पिशवीतही सुया आहेत, एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. त्यांनी पुढे होऊन ती सुई उपटून काढली. बेचक्यात रक्ताचा थेंब आला तो अंगठ्याने दाबून धरला.

"अहो ताई! काय झालं काय तुम्हाला?"

"तुला दिवस गेलेत," सुईताई म्हणाल्या.

धाकटी आधी हसली. मग तिने सुईताईंचं तोंड बघितलं आणि हसू थांबलं. या तोंडावर काही लपत नाही हे तिला तीन वर्षांत कळलं होतं. "कधी कळलं तुम्हाला?"

सुईताईंची नजर बाहेरच्या टेबलाकडे गेली. धाकटी उठली, बाहेर गेली आणि टेबलावरची नाडीवही उघडून उभी राहिली. सोमवारपासूनच्या दहा ओळी. दहाही ओळींत एकच शब्द. तिने प्रत्येक ओळीवर बोट ठेवत खालपर्यंत वाचलं.

"दहा दिवस," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "दहा दिवस तुम्हाला माहीत होतं, आणि मी रोज स्वतःला टोचत होते."

"मी सांगणारच होते गं."

"पण का नाही सांगितलं? मी काय वाईट केलं होतं तुमचं?"

मला ते माझ्यापाशी ठेवायचं होतं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? "मला हेवा वाटला," सुईताई म्हणाल्या. निदान हे खरं होतं. "पहिल्या दिवशी तर फार वाईट मनात आलं होतं. पण तुझ्या हाताला सुई लावली नाही मी. खरंच लावली नाही."

धाकटीने वही बाजूला सारली. मग तिने दोन्ही मनगटं टेबलावर ठेवली. "बघा," ती म्हणाली. "अजून आहे का सांगा."

सुईताईंनी बोटं ठेवली. काही लागेना. पुन्हा ठेवली, जोर कमी केला, जास्त केला. त्यांच्या स्वतःच्या छातीतली धडधड बोटांच्या टोकांपर्यंत आली होती आणि तिच्याखाली दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. मनगट दुसरीचं होतं, तरी मन बोटात उतरलं होतं. असू दे, असू दे, एवढंच त्यांच्या डोक्यात चाललं होतं. दुसऱ्या बाईचं मूल असावं म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इतका जीव पाखडला. "मला कळत नाहीये," अखेर त्या म्हणाल्या. "चल, हॉस्पिटलात जाऊ."

दुपारच्या जोडप्यांना फोन करून आज येऊ नका म्हणून कळवलं. धाकटीच्या नवऱ्याचा फोन लागत नव्हता, म्हणून सुईताईच सोबत गेल्या. आधी लघवीची तपासणी झाली आणि नर्सने सांगितलं की दिवस गेलेत हे नक्की. पण ठोके आहेत का ते सोनोग्राफीतच कळेल, थांबावं लागेल. दोघी भिंतीला टेकलेल्या खुर्च्यांवर बसल्या. मधे एक खुर्ची रिकामी होती, धाकटीने तिच्यावर पिशवी ठेवली होती. समोर पाण्याचं मशीन दर थोड्या वेळाने खरखरत होतं. नर्सने येऊन विचारलं, "तुम्ही कोण यांच्या? आई?" धाकटी म्हणाली, "एकत्र काम करतो आम्ही."

धाकटीला आत बोलावलं तेव्हा सुईताई उठून दारापर्यंत गेल्या, पण दार बंद झालं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. आत आता काळोख केला असेल, पडद्यावर काहीतरी हलत असेल किंवा नसेल. नसलं तर आपण घरी जाऊन नवऱ्याला काय सांगणार? आणि असलं तर? असलं तर एक मशीन ते आधी बघणार, आणि कोण कुठली ती मशीनवाली बाई. अशा वेळीसुद्धा त्यांना त्या बाईचा हेवा वाटला. त्यांनी दाराकडे पाठ फिरवली आणि स्वतःला चांगली शिवी घातली.

वीस मिनिटांनी दार उघडलं. धाकटीचे डोळे लाल झाले होते, आणि हातात कागद होता.

"आहे," ती म्हणाली. "ठोके चांगले आहेत. सुयांचं सांगितलं मी. आतल्या डॉक्टर म्हणाल्या त्याने काही झालेलं दिसत नाही, पण यापुढे नको."

सुईताईंचा जीव भांड्यात पडला. झालेला आनंद खराखुरा होता. सोळा वर्षांच्या सवयीने त्यांचा उजवा हात आपोआप पुढे गेला, तीन बोटं जुळवून, धाकटीच्या मनगटाकडे.

धाकटीने हात मागे घेतला.

"नाही ताई," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाली, पेशंटला वेळ सांगावी तशी. "मी दवाखान्यात येईन. काम करीन तुमच्याबरोबर. पण माझी नाडी आता तुम्ही बघायची नाही."

"बरं," सुईताई म्हणाल्या.

धाकटी नवऱ्याला फोन लावत लिफ्टकडे गेली. पलीकडून त्याने उचलला असावा, कारण ती एकदम हसली आणि बोलायला लागली. सुईताई मागे उभ्या होत्या. पुढे केलेला हात अजून पुढेच होता, आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना काही केल्या सुचत नव्हतं.